एक घरी

वास आधी तिला आला. ती मागच्या दाराशी भांडी घासत होती. काहीतरी करपतंय असं वाटलं म्हणून राखेने भरलेले हात तसेच घेऊन ती आत आली. चुलीवर नुसतं पाणी होतं. नवरा चुलीपुढे बसला होता, थंडीने आखडलेले हात शेकत, आणि त्याची नजर दारातून बाहेर, खाणीच्या अंगाला लागलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं पातेल्याच्या काठाला टेकलेली होती, आणि ती टेकलेलीच होती.

तिने हात ओढून काढला. कातडी काठालाच राहिली. तो दचकला, पण दचकला तिच्या ओढण्याने, चटक्याने नव्हे. बोटांकडे बघून म्हणाला, "हे कधी झालं?"

मिसरूड फुटायच्या आधीपासून या हातांनी खाणीत ड्रिल धरलं होतं. दगडात सुरुंगाची भोकं पाडायचं ते यंत्र. चालू झालं की धरणाऱ्याच्या दाढासुद्धा वाजायच्या, आणि घरी येऊन जेवायला बसला तरी हातातला घास थरथरत असायचा. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग थंडीत शेंडे पांढरे पडू लागले, चुन्यात बुडवून काढल्यासारखे. मग गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ड्रिल त्याच्या हातातून सुटलं, आणि ते पायाशी नाचताना दिसलं तेव्हाच त्याला कळलं की सुटलं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरने सांगितलं, आतल्या नसा मेल्यात, त्या काही परत यायच्या नाहीत. पुन्हा ड्रिलला हात लावलात तर बोटं कापायची वेळ येईल.

तेव्हापासून तो घरी होता. सदऱ्याची बटणं ती लावायची, नाडी ती बांधायची, चहाचा पेला तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. हातात वस्तू ठेवली तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला पत्ता लागत नसे. अंधारात किंवा पाठीमागून काही दिलं तर विचारायचा, "दिलंस का?" सुरुवातीला तिला हसू यायचं. एकदा गंमत म्हणून काहीच न देता "दिलं" म्हणाली, तर बिचारा रिकामी मूठ जपून धरून अंगणभर फिरला. त्यानंतर तिने ती थट्टा केली नाही.

बोटांना तेल लावून चिंधी बांधत होती तेवढ्यात धाकटा दीर कामावरून आला. अंगावर दगडाची पूड, भुवया पांढऱ्या, कानांत अजून चिंध्यांचे बोळे. ड्रिलच्या आवाजाने कान जातात म्हणून तो बोळे घालायचा आणि काढायला विसरायचा, त्यामुळे घरात त्याच्याशी बोलायचं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवल्यासारखं व्हायचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो शेंबडा पोरगा होता. सासू आधीच गेलेली. न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ढकलण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता तो वहिनीपेक्षा दीड हात उंच झाला होता, आणि तरी चप्पल कुठे काढावी हे त्याला अजून सांगावं लागत होतं.

त्याच्या हातात पाकीट होतं. भत्त्याच्या कचेरीचं. तिघांत धड वाचणारा तोच, म्हणून त्यानेच वाचलं. आजारपणाचा आणि अपंगत्वाचा भत्ता नामंजूर. कारण तपासनीस खाणीच्या फाटकावर येऊन गेला होता, आणि अर्जदाराचा बिल्ला त्याने हजेरीच्या फळीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. चौकशी करता असं कळलं की तो बिल्ला रोज लागतो, एक दिवस खाडा नाही. तेव्हा अर्जदार कामावर आहे. हे मान्य नसल्यास अपील करावं.

"कामावर?" ती म्हणाली. "या हातांनी?"

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. धाकट्याने कानातले बोळे काढले, ते हातात चुरगाळले आणि मान खाली घातली.

"मी लावतो वहिनी," तो म्हणाला. "दादाचा बिल्ला. रोज सकाळी माझ्याबरोबर लावतो."

तिला राग यायला हवा होता, पण त्याचं म्हणणं ऐकल्यावर रागावणार तरी कुणावर? खाणीची रीतच तशी होती. प्रत्येक गड्याला एक पितळी बिल्ला, त्यावर त्याचा आकडा. आत जाताना तो फाटकावरच्या फळीवर आपापल्या खुंटीला अडकवायचा, बाहेर येताना काढून खिशात टाकायचा. खुंटी रिकामी राहिली की मुकादम तिथे दुसरा गडी घेणार, हे एक. आणि दुसरं, जे कुणी तोंडाने बोलत नसे, ते म्हणजे रिकामी खुंटी मेलेल्याची. दरड कोसळून किंवा सुरुंगात जो गेला त्याची खुंटी वर्षभर तशीच मोकळी ठेवायची, तिला कुणी बोटही लावायचं नाही. मग जिवंत माणसाची खुंटी मोकळी कशी ठेवायची? कुणी तापाने पडला, कुणाचा पाय मुरगळला, की त्याचा बिल्ला सोबती लावून टाकत. मजुरी टोळीला मिळायची ती फोडलेल्या ढिगावर, बिल्ल्यावर नव्हे, त्यामुळे यात कुणाच्या ताटातलं काही जात नव्हतं. मायेने चाललेली गोष्ट होती. त्या मायेनेच आता घात केला होता.

फळीचं खरं काम दुपारी. बाराला सुरुंग उडवायचा, त्याआधी मुकादम शिट्टी मारायचा आणि सगळ्यांनी वर येऊन दगडी भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं. मग माणसं मोजायची आणि फळीवरचे बिल्ले मोजायचे. दोन्ही आकडे जुळले तरच वातीला काडी. गेले कित्येक महिने ते जुळत नव्हते, कारण फळीवर एक जास्त. म्हणून माणसं मोजून झाली, मुकादमाने फळीकडे पाहून एकच कमी भरतोय असं म्हटलं, की सगळे एका सुरात ओरडायचे, "अन् एक घरी!" मग काडी. ती फाटकाबाहेर रस्त्याकडेला बायकांबरोबर खडी फोडायला बसायची, तिला ते रोज ऐकू यायचं. बायका तिच्याकडे बघून हसायच्या. तिला बरं वाटायचं. एवढ्या माणसांनी भर दुपारी आपल्या नवऱ्याची आठवण काढायची, हे काय थोडं झालं?

अपील करायचं ठरलं. नवऱ्याचं मन नव्हतं. कचेरीत हात पसरायचे आणि वर ते हात मेलेत हे दाखवायचं, याची त्याला लाज वाटायची. पण ती हट्टाला पेटली. खडी फोडून तीन तोंडं चालत नाहीत, धाकट्याच्या जिवावर किती दिवस बसणार, उद्या त्याचं लग्न झालं तर येणारी पोरगी आपल्याला काय म्हणेल, असं एकामागून एक तिने काढलं. शेवटी तो म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. बटण तेवढं नीट लाव."

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाच्या पत्र्याच्या खोलीत गेली. टेबलावर फोन, फोनवर दगडाच्या पुडीचा थर. मुकादम चहा पीत होता. माणूस वाईट नव्हता. दवाखान्यात नेताना त्यानेच गाडी दिली होती. तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग पेला खाली ठेवला. तो म्हणाला, तुझा नवरा घरी आहे हे मलाही माहीत आहे, या खाणीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पण तसं लिहून दिलं तर त्याचा अर्थ काय होतो? या फळीवर माणसाशिवाय बिल्ला लागतो, असा होतो. सुरुंगाची खाण आहे ही. फळी खोटी आहे हे एकदा सरकारदरबारी गेलं की फाटकाला कुलूप. मग एकट्या तुझ्या घरी नाही, साऱ्या वस्तीत चूल पेटणार नाही.

"मग तपासनिसाला खरं का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"तेच तर आत्ता सांगितलं तुला."

ती उठली. दारात पोचली तेव्हा तो मागून, आवाज न चढवता म्हणाला, "तुझा दीर अजून आत काम करतो. साक्षीला त्याला नेणार असशील तर विचार करून ने."

रात्रीच्या जेवणाला बसताना धाकट्याने आपण होऊनच सांगितलं की साक्षीला मी येईन, बिल्ला मी लावला, मीच सांगेन. तो इतक्या सहज बोलला की तिने त्याच्या पानात स्वतःच्या वाटचं कालवण वाढलं. पण वस्तीत गोष्ट राहते थोडीच? चार दिवसांत मुकादमाने त्याची जागा बदलली. टोळीतून काढून त्याला खालच्या कपारीत घातलं, एकट्याला. खाणीच्या अगदी तळाशी, वळणापलीकडे, जिथे ऊन पोचत नाही आणि भिंतीतून पाणी झिरपत राहतं, तिथली फुटकळ भोकं पाडायची. पूर्वी हे काम नव्या, कच्च्या गड्याला देत. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ढोपरापर्यंत चिखलाने भरला होता. बोटांचे शेंडे त्याने चुलीपुढे धरले, आणि ते पांढरे दिसताच तिने चुलीत आणखी दोन लाकडं सारली.

"थंडी आहे खाली," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

नवऱ्याचं लक्ष बोटांकडे नव्हतं. त्याने विचारलं, "अन् शिट्टी?"

दोघे भाऊ जोडीने काम करत होते तेव्हा शिट्टी झाली की थोरला धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचा, कारण बोळ्यांमुळे त्याला कधीच ऐकू यायची नाही. थोरला घरी बसल्यापासून टोळीतलं कुणी ना कुणी थाप मारत होतं. खाली एकट्याला कोण मारणार?

"अंदाज येतो," धाकटा म्हणाला. "अन् राहिलोच तर मोजतात की."

"बोळे घालू नकोस."

"न घालून कसं चालेल दादा? तुझे हात गेले, माझे कान जाऊ देत म्हणतोस?" असं म्हणून तो हसला. नवरा हसला नाही. त्या संध्याकाळी तो जेवलाही नाही नीट.

अपिलाच्या सुनावणीची तारीख आली तशी धाकट्याची बोलण्यातली सहजता आटत गेली. जेवताना गप्प, आंघोळ करताना गप्प. आदल्या संध्याकाळी ती अंगणात सरपण फोडत होती तिथे तो येऊन उभा राहिला. तिच्या हातातली कुऱ्हाड घेतली, दोन ओंडके फोडले, आणि खाली बघतच म्हणाला की मला उद्या जमायचं नाही. मुकादमाने आज बोलावून सांगितलं, साक्षीला गेलास तर परत फाटकावर येऊ नकोस. आजूबाजूच्या सगळ्या खाणी त्याच मालकाच्या. मग तिघांनी मिळून कुठे जायचं?

तिला कळत होतं की तो खोटं बोलत नाही. तरी तोंडून गेलंच. "तुला अंगाखांद्यावर वाढवला तो यासाठी?"

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि आत गेला. इतक्या वर्षांत ती त्याला असं कधी बोलली नव्हती. बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं, पण माघार घ्यायची तिला सवय नव्हती.

सकाळी धुकं दाट होतं. नवऱ्याची बटणं लावून, त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळून ती दाराला कडी घालत होती, तेव्हा धाकटा ठरल्या वेळेच्या आधीच कामाला निघाला होता. जाता जाता थांबला. खिशात हात घालून त्याने थोरल्याचा बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हा घेऊन जा वहिनी. मी येऊ शकत नाही, पण हा तर येईल. बिल्ला तुमच्याकडे आहे म्हणजे दादा आत नाही, एवढं तरी त्यांना दिसेल."

"अन् फळीवर?"

"आज नाही लावत. कुणी बघत नाही एवढं सकाळी."

"मुकादमाला कळलं तर?"

"त्याला कशाला सांगतोय? संध्याकाळी परत द्या म्हणजे झालं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा हसला. "आता तरी राग गेला ना?"

तिने मान हलवली. पदराने डोळे पुसले आणि त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "जेवायला थांबते संध्याकाळी." त्याने बोळे अजून घातले नव्हते, तरी ती ओरडूनच बोलली, सवयीने. तो धुक्यात दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. बिल्ला त्याच्या खिशात राहून कोमट झाला होता. तिने तो कमरेला खोचला.

बसमध्ये गर्दी नव्हती. नवरा खिडकीशी बसला. बिल्ल्याबद्दल तिने त्याला सांगितलं नाही. कचेरीत एकदम काढून सगळ्यांना चकित करू, असा तिचा बेत होता. या वयात अशी हौस, पण बऱ्याच दिवसांत तिच्या मनासारखं काही झालं नव्हतं.

कचेरीत बाकावर बसून वाट बघावी लागली. त्यांच्याआधी एक लंगडणारा म्हातारा, एक बाळंतीण, आणखी कुणी. नाव पुकारलं गेलं तेव्हा ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. अपील ऐकणाऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या, नाकाशी रुमाल, सर्दीने डोळे लाल. त्यांनी आधी त्याच्या बोटांची चिंधी सोडायला लावली आणि भाजलेलं पाहून ओठ आवळले. मग म्हणाल्या, सदऱ्याचं वरचं बटण काढून पुन्हा लावा. त्याने हनुवटी छातीला टेकवून बटण शोधलं. बोटं कापडावरून नुसती सरकत राहिली. भर कचेरीत, दोन कारकुनांपुढे, त्याच्या कपाळावर घाम आला. ती पुढे होणार तोच बाईंनी हाताने थांबवलं, पण लगेच म्हणाल्या, "पुरे. लावा तुम्ही त्यांचं."

हातांबद्दल माझी शंका नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. अडचण आहे ती हजेरीची. बिल्ला रोज फळीवर असतो असं आमचा माणूस लिहितो, मुकादम म्हणतो. ते खोटं कसं?

तिने कमरेचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे. तिने ठरवल्याप्रमाणे तो चकित झाला. ती भराभर बोलू लागली. धाकटा दीर कसा लावायचा, रिकामी खुंटी कुणाची मानतात, मुकादम लिहून का देत नाही. बाई लिहून घेत होत्या, मधूनच शिंकत होत्या. सगळ्या खाणीला माहीत आहे हे, ती म्हणाली, पाहिजे तर दुपारी तिथे उभं राहून ऐका. सुरुंगाआधी माणसं मोजतात, फळी मोजतात. फळीवर एक जास्त असतो. मग सगळे ओरडतात, अन् एक घरी. तो एक म्हणजे हे.

बाईंची लेखणी थांबली. त्यांना खरंच नीट समजून घ्यायचं होतं. "म्हणजे माणसं एकाने कमी भरली तरी ते सुरुंग उडवतात?"

"हो. कारण यांचा बिल्ला असतो ना."

"पण यांचा बिल्ला आज इथे आहे." त्यांनी तो बोटाने थोडा सरकवला. "आज फळीवर एक जास्त नाही. हे तिथे कुणाला सांगितलंय?"

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. नवरा उभा राहिला होता. "खालच्या कपारीत आहे तो," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही काटे जवळजवळ आले होते.

बाईंनी फोन ओढला, कागदांतून खाणीचा नंबर शोधला आणि लावला. खोलीत इतकी शांतता झाली की पलीकडे वाजणारी घंटा तिला ऐकू येत होती. तो फोन तिने पाहिला होता. पत्र्याची खोली, टेबल, पुडीचा थर. या वेळेला त्या खोलीत कुणी नसतं. मुकादम आडोशाला असतो, शिट्टी तोंडात धरून. घंटा वाजून वाजून बंद पडली. बाईंनी पुन्हा लावला. नवरा टेबलावर दोन्ही मुठी टेकवून उभा होता आणि मुठींखाली कागद चुरगाळले जात होते, त्याला कळत नव्हतं. तिला आठवत होतं ते फक्त एवढंच की धाकट्याने विचारलं होतं, आता तरी राग गेला ना, आणि तिने नुसती मान हलवली होती. गेला असं तोंडाने म्हटलं नव्हतं.

"लवकर येईल तो वर," ती म्हणाली. "त्याला भूक लागते लवकर."

तिसऱ्यांदा लावल्यावर पुष्कळ वेळाने कुणीतरी फोन उचलला. बाईंनी आपण कोण ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. नाकावरचा रुमाल हळूहळू खाली आला. नवरा म्हणाला, "विचारा त्यांना, खालच्या कपारीत बघितलं का. विचारा ना." बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फोन कानावरून काढला आणि तो जागेवर ठेवायचं विसरून टेबलावरच ठेवला. आतून बारीक आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, पत्रा आणा, अरे पत्रा आणा उचलायला.

कचेरीच्या गाडीतून त्यांना पाठवलं. फाटकाशी पोचले तेव्हा धुकं कधीच उठलं होतं आणि सगळी वस्ती तिथे उभी होती. बायकांनी तिला धरलं. ती कुणालाही न जुमानता फळीपर्यंत गेली. धाकट्याचा बिल्ला त्याच्या खुंटीला लटकत होता, उन्हात चकाकत. शेजारची, थोरल्याची खुंटी रिकामी होती. मुकादम भिंतीला टेकून खाली बसला होता. तिला पाहून उठायला गेला आणि त्याला उठता आलं नाही.

"मोजलं मी," तो म्हणाला. "शप्पथ घेऊन सांगतो, मोजलं. एक कमी भरला. मी म्हटलं, एक कमी भरतोय. अन् सगळे म्हणाले..." आजूबाजूला उभ्या असलेल्या गड्यांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.

त्यानंतर खाणीत चौकशी झाली. जी माणसं अपिलासाठी तोंड उघडायला धजत नव्हती, ती आता न विचारता बोलली. हो, थोरला महिनोन्‌महिने घरीच होता. हो, बिल्ला भाऊ लावायचा. हो, आम्ही सगळे रोज तसंच म्हणायचो. मुकादमानेही सही केली. ते सगळं भत्त्याच्या कचेरीत गेलं आणि अपील मंजूर झालं. नवऱ्याला जन्मभर भत्ता मिळणार होता. पत्र वाचून दाखवायला शेजारच्या वस्तीतून एकाला बोलवावं लागलं. त्याच पाकिटात बाईंनी बिल्ला परत पाठवला होता, कागदात नीट गुंडाळून.

काही दिवसांनी खाण पुन्हा सुरू झाली. तिने मात्र खडी फोडायला जाणं सोडलं. त्या रस्त्याला ती जातच नव्हती. थंडी सरत आली तरी नवरा दिवसभर अंगणात उन्हाला बसून राहायचा. एका दुपारी त्याने बिल्ला मागितला. इतके दिवस तो फडताळात पडला होता. तिने आणला. तो खाणीकडे तोंड करून बसला होता, हात मांडीवर उताणा ठेवून. पांढरी बोटं अर्धवट वळलेली. तिने बिल्ला त्याच्या तळव्यावर ठेवला आणि त्यावर त्याची बोटं एकेक करून मिटवली. तो हाताकडे बघत नव्हता.

तेवढ्यात खाणीतून शिट्टी ऐकू आली. मग मोजणाऱ्याचा आवाज, लांबून, एकेक आकडा. आकडे संपले. त्यानंतर जिथे सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, तिथे कुणी काही बोललं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. बहुतेक पुन्हा मोजत असावेत. मग सुरुंग उडाला आणि पत्र्यांवरची धूळ खाली आली.

"दिलास का?" नवऱ्याने विचारलं.

"दिला," ती म्हणाली, आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.